पाठीला पाठ

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईला बसून चालत नाही. इस्त्रीला जोर लागतो, आणि तो जोर टाचेतून निघतो, कंबरेतून वर चढतो आणि खांद्यातून हातात उतरतो. बसलं की तो मध्येच कुठंतरी तुटतो. मावशीनं हे काम धरलं तेव्हा तिची लेक पाळण्यात होती. आता त्या लेकीचंही लग्न होऊन ती दूरच्या शहरात नांदायला गेली, तरी मावशी टेबलापाशी उभीच होती. उजवा खांदा थोडा पडलेला, डावी कंबर बाहेर आलेली, एका पायावर सगळा भार आणि दुसरा पाय नुसता जमिनीला लागलेला. लाँड्रीतले सगळे तिला मावशीच म्हणत. मालकसुद्धा म्हणे, आणि तो तर तिच्याहून वयानं चांगला मोठा होता.

तिचा नवरा दगडाच्या कारखान्यात होता. ओट्याच्या फरश्या, पायऱ्या, बेसिनं घासून गुळगुळीत करायची, हे त्याचं काम. उकिडवं बसायचं, मशीन दोन गुडघ्यांच्या मध्ये धरायचं आणि तोंड दगडाजवळ न्यायचं, कारण दगडावरचा ओरखडा लांबून दिसत नाही. संध्याकाळी घरी आला की भुवयांपर्यंत पांढरा. लेक लहान असताना अंघोळीआधीच्या बापाला ओळखच द्यायची नाही. त्यावर घरात फार हसणं व्हायचं.

ती पांढरी पूड सगळीच काही अंघोळीनं गेली नाही. आधी खोकला आला, मग जिना चढताना दम, मग जिना न चढताही दम. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, आत दगड साचलाय, आता तो निघायचा नाही. कारखान्यानं त्याला घरी बसवलं. आणि तो खरोखर बसलाच, कारण त्यानंतर त्याला आडवं होता येईना. पाठ गादीला लागली की छातीवर कुणी पाय दिल्यासारखा तो धडपडून उठे आणि दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढं वाकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत राही.

मावशीनं उशा रचून पाहिल्या. घरातल्या संपल्यावर शेजारच्या आणल्या. उशांचा ढीग झोपेत घसरे, त्याबरोबर तोही घसरे आणि घुसमटून जागा होई. भिंतीला टेकवून पाहिलं तर मान बाजूला कलंडायची. महिनाभर दोघांचे डोळे खोबणीत गेले. मग एका संध्याकाळी ती पलंगावर त्याच्याकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मागून काहीतरी जड टेकलं. त्यानं पाठ टेकली होती. ती घडी हातात धरून तशीच राहिली, आणि थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला. तो झोपला होता.

तेव्हापासून ती दोघं तशीच झोपू लागली, पाठीला पाठ लावून, बसल्या बसल्या. ती मांडी घालून बसे आणि पुढ्यात दोन उशा घेऊन त्यांवर हात टाकी. उशीला जे जमलं नाही ते तिच्या पाठीला जमलं. तो झोपेत एका बाजूला कलला की तीही झोपेतच तिकडं सरके आणि त्याला सावरून घेई. दिवसभर उभं राहायचं आणि रात्रभर बसायचं. तिसरी कुठली तऱ्हा आता तिच्या वाट्याला उरली नव्हती. पण तिनं कुरकुर केली नाही. माणसाला कशाचीही सवय होते, असं ती लाँड्रीत म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

"बरं आहे," तो एकदा म्हणाला. "तोंडं दिसत नाहीत म्हणून भांडण होत नाही."

खरंच होत नव्हतं. उलट, समोरासमोर असताना इतक्या वर्षांत जे बोलणं झालं नाही ते आता होई. तो दमेपर्यंत बोले, मग थांबे, मग पुन्हा बोले. तिच्याआधी त्याला एक मुलगी दाखवली होती आणि ती पसंतही पडली होती, हे त्यानं तिला आत्ता सांगितलं.

"मग कुठं अडलं?"

"तिला मी पसंत पडलो नाही."

ती हसली. तो म्हणाला, "हसलीस की मला पाठीत कळतं."

असं करत दोन वर्षं सरली. मग एके दिवशी लाँड्रीत एका हॉटेलच्या पडद्यांचं गाठोडं आलं. ती वाकून ते उचलायला गेली आणि कंबरेत काहीतरी कडकन वाजलं. गाठोडं हातातून सुटलं, पण ती वर येईना. दोन्ही हात गुडघ्यांवर आणि डोळे फरशीवर, अशी ओणवीच राहिली. डाग काढणाऱ्या पोरीला वाटलं, ती काहीतरी शोधतेय.

"मावशी, काय पडलं?"

"मीच पडलेय," मावशी म्हणाली. "धर मला."

कपडे पोचवायच्या टेम्पोत चादरींच्या गठ्ठ्यांवर झोपवून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण मुद्द्याचं बोलणाऱ्या. त्यांनी डाव्या पायाच्या बोटांना टाचणी लावली. मावशीला ती लागलीच नाही. कंबरेतली गादी सरकून पायाच्या शिरेवर आली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फळीवर सपाट पडून राहायचं. उभं राहिलात तर एक वेळ चालेल, बसायचं मात्र अजिबात नाही. बसण्यानं सगळा भार तिथंच येतो. ऐकलं नाही तर हा पाय जाईल, आणि मग दुसराही.

"आमच्या घरात एका माणसाला आडवं होता येत नाही, डॉक्टर," मावशी म्हणाली.

"मग तुम्ही होऊ शकता ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना काय माहीत?

नणंद धावून आली. नवऱ्याची थोरली बहीण, एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली. गुडघे गेलेले, पण जीभ अजून शाबूत होती. तिनं पदर खोचला आणि सांगून टाकलं, "तू पड. त्याच्या पाठीशी मी बसते. लहानपणी मीच त्याला पाठीवर घेऊन फिरले की."

मावशी खोलीच्या दुसऱ्या बाजूला फळीवर उताणी पडली आणि छताकडं बघत त्या दोघांचा आवाज ऐकत राहिली. पण नणंदेची पाठ ती मावशीची पाठ नव्हे. तिला झोप लागली की ती पुढं कलंडे आणि भाऊ मागं जाई.

"ताई घोरायला लागली की पुढं जाते," तो सकाळी म्हणाला, "आणि मी वर जायला निघतो."

नणंद हसली, पण तिचे डोळे लाल होते. शेजारच्या सुतारानं मग लाकडाचं तिरपं टेकण करून दिलं. चांगलं केलं होतं बिचाऱ्यानं, वर पट्टासुद्धा लावला होता. तो पट्ट्यातून खाली सरके आणि हनुवटी छातीत रुतून गुदमरे. फळीवरून मावशीला तो सरकताना दिसे. नणंद पेंगलेली असली की मावशी कुशीवर वळे, हाताच्या कोपरावर उठे, कशीबशी त्याच्या पलंगावर जाई आणि टेकण काढून स्वतः बसे. त्याला दमच इतका लागलेला असे की नको म्हणायलाही श्वास पुरत नसे. आणि तिची पाठ मिळाली की लगेच झोपून जाई, लहान मुलासारखा.

ही चोरी आठवडाभर चालली. मग एका सकाळी मावशी न्हाणीत गेली आणि डावा पाय तिथं नसल्यासारखा मुडपला. नणंदेनं दार ढकललं तेव्हा ती ओल्या फरशीवर पालथी पडली होती आणि रडत नव्हती.

तिला फळीवर आणून ठेवल्यावर नणंद कंबरेवर हात ठेवून दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"आता ऐका माझं. एकाला झोपायचंय, एकाला बसायचंय, आणि माझ्यानं तुम्हाला दोघांना पुरं पडवत नाही. मोठ्या रस्त्याच्या टोकाला ते शुश्रूषागृह आहे. तिथं कळ फिरवली की पाठ वर येते असे पलंग आहेत. ऑक्सिजन आहे. ही बरी होईपर्यंत..."

"जातो मी," नवरा म्हणाला. तिचं वाक्य संपायच्या आधीच म्हणाला.

मावशीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. पण पुढं वाकून बसणारा माणूस जमिनीकडंच बघणार, त्यावरून काय ओळखायचं?

तो गेल्यावर मावशी अंग ताणून निजली. पहिल्या दिवशी सारखी दचकून उठायची, पाठीमागं कुणी नाही म्हणून. मग शरीरानं आपलं शरीरपण दाखवलं आणि ती मेल्यासारखी झोपू लागली. तिला त्याची लाज वाटे. काही आठवड्यांनी पायात मुंग्या आल्या, म्हणजे त्यात जीव परत येऊ लागला होता. डॉक्टरीणबाईंनी कंबरेला पट्टा दिला आणि चालायची मोकळीक दिली. मावशीनं नणंदेकरवी निरोप धाडला आणि दुसऱ्याच दिवशी ती बसमध्ये दांड्याला धरून, रिकाम्या जागा सोडून उभ्यानं शुश्रूषागृहात गेली.

खोली स्वच्छ होती. सहा पलंग, प्रत्येकाच्या पायथ्याशी एक लोखंडी कळ. तिचा नवरा पलंगाची पाठ उंच करून तिला टेकून बसला होता. दाढी केलेली, केस विंचरलेले, नाकाला ऑक्सिजनची नळी. तिचा जीव भांड्यात पडला.

"झोप लागते?"

"फार छान," तो म्हणाला. "हा पलंग हलत नाही, डुलत नाही. तू तर सारखी हलायचीस."

ती हसली. स्टूल पुढं केलं होतं, पण तिला बसायचं नव्हतं, म्हणून पलंगाचा कठडा धरून उभी राहिली. तो तिच्याकडं बघत होता. समोरासमोर बोलायची सवय मोडली होती दोघांची. तिनं लेकीची खुशाली सांगितली, लाँड्रीतली सांगितली, मग काय सांगावं ते सुचेना. येताना बसमध्ये ते वाक्य तिला टोचलं. हलत नाही, डुलत नाही. मग तिनं स्वतःलाच दटावलं. आजारी माणूस, त्याला आराम पडलाय, आणि तू काय धरून बसलीस?

त्यानंतर ती दर रविवारी जाऊ लागली. दर वेळी तो तसाच, टेकून, नीटनेटका. दर वेळी म्हणे, इथं बरं आहे. काही वेळा तिला वाटे की तो लवकर जा असंच सुचवतोय. "तुझी बस जाईल," असं तो तीनतीनदा म्हणे. तिच्या मनात एक किडा वळवळू लागला.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थोडं थोडं बसायला हरकत नाही. मावशीनं घरी येऊन पलंगावरची चादर बदलली, सुताराचं टेकण पुसून कोपऱ्यात ठेवलं आणि रविवारची वाट न बघता दुसऱ्याच सकाळी शुश्रूषागृह गाठलं. तो पलंगाच्या कडेवर पुढं वाकून बसला होता. तिला बघितल्यावर मागं सरकला आणि टेकला. दाढी वाढलेली होती.

"चला घरी," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी बसायला सांगितलंय. मी चौकशी करून आले, उद्या सोडतील."

"नको," तो म्हणाला.

"नको म्हणजे?"

"मला इथं बरं आहे."

"घरी नाही यायचं?"

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "खरं सांगू? तुझ्या हाडांवर टेकून टेकून कंटाळलो होतो मी. आता कुठं सुखाची झोप लागायला लागलीये. ती का मोडतेस?"

बाजूच्या पलंगावरचे म्हातारे ऐकत होते. मावशी तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. दोन वर्षं तिनं पाठ सरळ केली नव्हती. एक पाय जाता जाता राहिला होता. आणि हा माणूस चारचौघांत हाडं काढत होता.

"मग बसा इथंच," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून निघाली.

त्या रविवारी ती गेली नाही. पुढच्याही गेली नाही. लाँड्रीत अर्धा दिवस काम धरलं होतं. इस्त्री दाबताना ती डाग काढणाऱ्या पोरीला म्हणाली, "आमच्या हाडांचा कंटाळा आलाय म्हणे लोकांना." पोरीला हसावं की नाही कळेना. नणंद दोनदा म्हणाली, अगं, जाऊन तर ये. मावशी म्हणाली, "तिथं कळ आहे. माझं काय काम?" नणंदेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती गप्प बसणारी बाई नव्हे, हे मावशीच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण राग आला की माणसाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही.

निरोप दुपारी आला, लाँड्रीच्या फोनवर. मालकानं फोन ठेवला आणि स्वतः येऊन तिच्या हातातली इस्त्री काढून उभी करून ठेवली. तेव्हाच ती समजली.

वॉर्डात एक मदतनीस होता, धिप्पाड आणि मवाळ. तो पलंगाची चादर काढत होता. नवऱ्याला पडद्यामागच्या खोलीत नेलं होतं. मावशीला तिकडं जायचं बळ लगेच येईना, म्हणून ती कठडा धरून उभी राहिली आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "झोपेतच गेले का?"

"झोप कुठली, बाई?" मदतनीस म्हणाला. "झोपत नव्हतेच ते. या पलंगावर ते खाली सरकायचे. दर तासाला ओढून वर घ्यायला आम्ही आहोत किती? शेवटी जेवायचं टेबल पुढं घ्यायचे आणि त्यावर हात टाकून डोकं ठेवून बसायचे, रात्रभर. मी म्हणायचो, काका, मागं टेका. तर म्हणायचे, मागं कुणी नाही."

"मला तर म्हणाले, छान झोप लागते."

"तुम्ही यायचा दिवस असला की दाढी करून घ्यायचे. पलंग वर करायला लावायचे, ऑक्सिजन थोडा जास्त सोडा म्हणायचे. तुम्ही गेलात की तासभर बोलता यायचं नाही त्यांना."

मावशीनं कठडा घट्ट धरला. "आणि हे गेले काही दिवस?"

मदतनिसानं चादरीचा बोळा केला आणि काखेत धरला.

"रोज सकाळी करून घेत होते दाढी," तो म्हणाला. "कुठल्या दिवशी याल, माहीत नव्हतं ना."

पडद्यामागं तो उताणा निजला होता. पुढं वाकूनच गेला होता, त्याला सरळ करायला जड गेलं असं मदतनिसानं हलक्या आवाजात सांगितलं. हात बाजूला, पाय लांब केलेले, मान सरळ. आडवं झालेलं त्याला तिनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्याला उठवून बसवा, दम लागेल, असं तिच्या ओठांवर आलं. तिनं गालावर हात ठेवला. गुळगुळीत होता.

लेक-जावई आले, चार दिवस राहिले, आई आमच्याकडं चल म्हणाले, आणि आई नको म्हणाल्यावर रडून परत गेले. घरात नणंद आणि भावजय उरल्या. संध्याकाळी नणंद भाजी चिरत होती, मावशी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"वन्सं, तुम्हाला माहीत होतं."

नणंदेचा हात थांबला. "होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, ताई, तिला कळलं तर ती येऊन बसेल, आणि पांगळी होईल. बसली असतीस ना?"

"बसले असते."

"म्हणून." नणंदेनं विळी बाजूला सारली. "बायकोला तोडून बोलायला त्याला किती जड गेलं असेल, मला विचार. त्या दिवशी तू गेल्यावर मी गेले होते. तोंडातून शब्द निघत नव्हता त्याच्या. पण समाधान होतं. तुझा पाय वाचला म्हणून."

नणंदेला वाटलं असावं की हे ऐकून हिला धीर येईल.

"मी रागावले होते, वन्सं," ती म्हणाली. "त्यांना माझं शेवटचं तेवढंच मिळालं."

नणंदेनं चिरलेली भाजी पातेल्यात ढकलली, झाकण ठेवलं आणि गॅस पेटवायचं विसरून ती तिथंच बसून राहिली.

पुढच्या महिन्यात नणंद आपल्या घरी गेली. डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो पाहिला आणि खूश झाल्या. म्हणाल्या, सांगितलेलं ऐकणारे पेशंट फार थोडे असतात, तुमचा मणका छान बसलाय. मावशीनं पट्टा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि लाँड्रीत पूर्ण दिवसाचं काम सुरू केलं. मालकानं तिच्यासाठी एक उंच स्टूल आणलं आणि कपड्यांना चिठ्ठ्या लावायचं बैठं काम देऊ केलं. तिनं ते डाग काढणाऱ्या पोरीला देऊन टाकलं. ती सकाळपासून उभी असते. दुपारी बाकीच्या बायका गाठोड्यांवर पाय पसरून बसतात आणि तिलाही बोलावतात. ती नको म्हणून मान हलवते. संध्याकाळी सगळ्यांची घरी जायची घाई सुरू झाली की त्यांच्या टेबलांवर उरलेले कपडे ती आपल्याकडं ओढून घेते.